संध्याकाळचा संभाषणवर्ग

केस पिकायला लागले, तरी ती संध्याकाळ आठवली की तिला अजून हसू येतं. संस्कृत विद्यापीठातली ती तेव्हा सगळ्यात तरुण प्राध्यापिका. बाहेरच्या लोकांसाठी संभाषणवर्ग घ्यायची. दार लावणार, तोच हातात हेल्मेट घेतलेला एक उंच माणूस धापा टाकत समोर आला.

"प्रवेश संपले?"

तिनं नुसती होकारार्थी मान हलवली. वर्गात मराठी बोलायचं नाही, हा नियम तिचाच.

"प्लीज... फार गरज आहे हो!"

"संस्कृतची? गरज?" नियम तिथंच मोडला.

तो दातांचा डॉक्टर होता. वडील याच विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेले. मेंदूच्या झटक्यानंतर त्यांची मराठी पार पुसली गेली. उरलं ते संस्कृत.

"बाबा बोलतात... आणि मी नुसता बघत राहतो."

तिनं बाक दाखवला.

डॉक्टर कच्चा, पण चिकाटीचा. "त, थ, द... जीभ दातांना टेकवा," ती म्हणायची. "दात तर तुमच्याच खात्यातले!" हे ऐकून तो हसायचा, आणि फळ्यावर काय लिहायचं होतं तेच ती विसरायची.

पुढे बाबांशी गप्पा मारायला ती घरीही जाऊ लागली. एका रविवारी बाबांनी तिला निरखून विचारलं, "किं त्वं मम स्नुषा?"

ती कानापर्यंत लाल!

"काय म्हणाले?" डॉक्टरनं विचारलं.

"काही नाही... चहा छान झालाय म्हणाले."

"मग एवढं लाजायला काय झालं?"

"स्नुषा म्हणजे काय ते कोशात बघा!" पर्स उचलून ती निघालीच.

त्यानंतर तो वर्गाला आलाच नाही. शब्द कळला आणि घाबरला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. नजर मात्र दाराकडेच.

बऱ्याच दिवसांनी तो आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"बाबा गेले... झोपेतच."

तिनं त्याला बाकावर बसवलं.

"जायच्या आदल्या दिवशी तुमच्याबद्दल पुन्हा तेच विचारलं त्यांनी. सून आहे का म्हणून... तोवर मी कोश पाहिला होता."

"मग?"

"मी हो म्हणून टाकलं. तुम्हाला न विचारता. चुकलं का?"

तिचे डोळे भरून आले, तरी आतली मास्तरीण गप्प बसेना.

"संस्कृतात म्हणालात?"

"हो. 'आम्' म्हणालो."

"आ लांब होता?"

"चांगला लांब."

"मग... चुकलं नाही," ती म्हणाली.