टाकीतलं पाणी कमी का होत नाही?

"बारातल्या दोन गेल्या! ही तिसरीपण उलटी पडलीय!" कुश जमिनीवर पालथा पडून, काचेला नाक चिकटवून ओरडला.

हातातला टोस्ट तसाच टाकून त्याची मोठी बहीण प्रीता धावली. खरंच! वाळूवर तीन गोगलगायी निपचित पडल्या होत्या. गेल्या आठवड्यापर्यंत याच गोगलगायी काचेवरचं शेवाळ चाटत ऐटीत हिंडत होत्या.

कोणी म्हणेल, गोगलगायीच तर आहेत, त्यांचं एवढं काय? पण प्रीताला विचारा! समुद्रघोड्यांची जोडी घरी आणायची म्हणून ती दीड वर्ष आईबाबांच्या मागे लागली होती. शेवटी बाबांनी हात टेकले आणि नोव्हाय गावातल्या त्यांच्या घरात, टीव्हीशेजारी, टाकी आली. समुद्रघोडे उभे पोहतात म्हणून उंच टाकी. शेपटीनं धरून बसायला जाड दोरीचे तुकडे आणि प्लास्टिकच्या वेली. पंपही अगदी हळू चालणारा, नाहीतर बिचारे पाण्याच्या जोरानं गरगर फिरतात. मिठाचं पाणी भरून टाकी सहा आठवडे रिकामीच चालवली, मग गोगलगायी सोडल्या. त्या जगल्या तर पाणी चांगलं, असा साधा हिशोब.

आणि आता त्याच मरत होत्या!

"फ्रायडेला लोरेनचा कॉल आहे," प्रीताचा आवाज रडवेला झाला. "आज वेन्सडे!"

लोरेन म्हणजे फ्लोरिडात घरच्या घरी समुद्रघोडे वाढवणारी बाई. मोठी खाष्ट! 'आधी टाकी व्हिडिओवर बघेन. पसंत पडली नाही तर जोडी यादीतल्या पुढच्या माणसाला,' असा तिचा नियम. त्या यादीत प्रीता आठ महिने नंबर लावून बसली होती.

तेवढ्यात शेजारचा आर्य मागच्या दारानं आत आला. सुट्टी लागल्यापासून तो स्वतःच्या घरी फक्त झोपायला जात असे.

"चिल यार! आधी क्लूज बघू," तो म्हणाला. "तुझी वही कुठाय?"

प्रीता टाकीची रोज नोंद ठेवायची. टाकीतलं पाणी हवेत उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून दर रविवारी ती फिल्टरचं साधं पाणी घालून काचेवरच्या निळ्या पट्टीपर्यंत टाकी भरायची. बुधवारपर्यंत पाणी दोन बोटं खाली जायचं. वही चाळता चाळता ती थांबली.

"थांब! आज पाणी बरोबर पट्टीवर आहे. मागच्या वेन्सडेलाही होतं! दोन आठवडे पाणी कमीच झालं नाहीये!"

"मॅजिक टँक!" कुश म्हणाला.

"मॅजिक काय, बावळटा! कोणीतरी पाणी घालतंय!" प्रीता म्हणाली.

"चल, सगळ्यांना विचारू," कुश म्हणाला.

"अजिबात नाही!" आर्यनं बोट नाचवलं. "विचारलं की मोठी माणसं म्हणतात, मी नाही. नेव्हर आस्क! ट्रॅप लावायचा!"

सापळा सोपा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी मगानं उपसून पाणी चांगलं तीन बोटं खाली आणलं. मग खांद्यावर टॉवेल टाकून, "आई, आम्ही पूलवर चाललो!" असा मोठा गलका केला, दार धाडकन आपटलं आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरले. सोफ्याच्या मागे तिघांची चांगलीच दाटी झाली.

"माझ्या पायावर बसलायस!"

"शूऽऽ!"

पावलं वाजली. प्रीतानं श्वास रोखला. सोफ्याच्या कडेनं आधी एक लोकरी मोजा दिसला, मग पायजमा, मग माकडटोपी. भर जूनमध्ये घरातल्या एसीला घाबरून माकडटोपी घालणारा माणूस या घरात एकच होता. बाबांचे मोठे भाऊ, पंधरा दिवसांपूर्वी नागपूरहून आलेले जगन्नाथकाका!

"अरे, अरे! किती आटलं आज!" काका टाकीशी वाकून म्हणाले. "तहान लागली ना रे पोरांनो? थांबा हं." आणि त्यांनी हातातली छोटी कळशी टाकीत रिकामी केली.

कळशी तांब्याची होती. काकांनी ती सामानातून जपून आणली होती. रात्री भरून ठेवायची, सकाळी त्यातलं पेलाभर पाणी प्यायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता.

"काका, नको!" प्रीता ओरडतच उभी राहिली.

काका इतके दचकले की माकडटोपी डोळ्यांवर आली. "अगं, काय करून राहिले तुम्ही तिथं?"

"काका, हे तांब्याचं पाणी आहे ना?"

"हो! एकदम शुद्ध! तीस वर्षं झाली, डॉक्टरचं तोंड नाही पाहिलं मी. म्हटलं, उरलेलं बेसिनमध्ये ओतण्यापेक्षा या जिवांना पाजावं."

प्रीतानं शेल्फवरून तपासणीचा डबा काढला. नळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाण्याचा रंग पालटला. शंकाच उरली नाही.

"माणसाला चालतं, काका," ती हळूच म्हणाली. "पण गोगलगायींना एवढंसं तांबंपण विष असतं."

काका मटकन खुर्चीत बसले. कळशी त्यांनी मांडीवर धरली होती. "म्हणजे मी मारलं त्यांना?"

प्रीताला रागवायचं होतं. खूप रागवायचं होतं! पण काकांचा चेहरा बघून ती त्यांच्याजवळ गेली. तिनं त्यांचा हात धरला. "तुम्हाला माहीत नव्हतं, काका. मीच कधी सांगितलं नाही. चला, उरलेल्या नऊ वाचवू."

मग काय, घरात एकच धांदल उडाली! कुशनं गोगलगायी ताज्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत हलवल्या. आर्य आणि काकांनी निम्मी टाकी उपसली. आईनं जाऊन तांबं शोषून घेणारी गाळणी आणली. संध्याकाळी ऑफिसातून आलेले बाबा सगळं ऐकून बेफिकिरीनं म्हणाले, "सिंपल आहे! अजून एकदा पाणी बदला, उद्या टेस्ट झिरो येईल. त्या बाईंना सांगायची गरजच काय?"

शुक्रवारी टेस्ट खरोखरच शून्य आली. बाबांनी विजयी मुद्रेनं अंगठा दाखवला. पण प्रीताच्या मनातली रुखरुख जाईना. वाळूत मुरलेलं तांबं हळूहळू परत पाण्यात उतरतं, हे तिनं वाचलं होतं. सांगावं तर जोडी जाणार. न सांगावं तर?

बरोबर पाचला लोरेन पडद्यावर आली. टाकी तिनं वरून, खालून, बाजूनं बघितली. दोऱ्या बघितल्या, वही बघितली. "छान आहे," ती म्हणाली. "मला सांगण्यासारखं अजून काही आहे का?"

बाबा पडद्यामागून मान हलवत होते. नाही म्हण, नाही म्हण!

"आहे," प्रीता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, तरी तिनं सगळं सांगितलं. आणि "माझ्या काकांची चूक नाही," असंही सांगितलं.

त्याबरोबर काका पुढे सरसावले. "मॅडम, मिस्टेक इज माइन! गर्ल इज व्हेरी गुड! प्लीज गिव्ह हर हॉर्सेस!"

लोरेननं पडद्याजवळ सरकून काकांकडे नीट बघितलं. मग तिनं चष्मा काढून पुसला.

"लोक मला छान छान टाक्या दाखवतात," ती म्हणाली. "मी घोडे पाठवते आणि महिन्याभरात ते मरतात. काय बिघडलं होतं ते मागाहून कळतं. आधी सांगणारी तू पहिली. सगळी वाळू बदल. तीन आठवडे रोज टेस्टचा फोटो पाठव. तोवर जोडी तुझ्या नावानं राखून ठेवते."

"येऽऽऽस!" कुश आणि आर्यनं सोफ्यावर उड्या मारल्या.

"सुशांत," काका बाबांकडे वळून म्हणाले, "आपण दोघं एवढे म्हातारे झालो, पण या घरात शहाणं माणूस एकच आहे बरं का!"

"पटलं, दादा," बाबा ओशाळून हसले. "आता पहिली वाळू मीच उपसतो."

तीन आठवडे रोज तपासणी झाली, रोज शून्य आलं. जुलैतल्या एका सकाळी दारात खोका आला. घोड्यांना सवय व्हावी म्हणून टाकीतलं पाणी थोडं थोडं खोक्यातल्या पिशवीत घालत प्रीतानं तासभर धीर धरला आणि मग दोन इवलेसे पिवळे समुद्रघोडे टाकीत सोडले. ते घाबरून एका कोपऱ्यात सरकले. त्यांना दोरी दिसेना, वेली दिसेनात.

प्रीतानं स्वच्छ धुतलेला हात अलगद पाण्यात घातला आणि बोट स्थिर धरलं. धाकटा घोडा जवळ आला, जरा थबकला आणि त्यानं आपली शेपटी तिच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळली.

"काका, बघा ना!" ती कुजबुजली. "यानं मला धरलंय."

काकांनी चष्मा सावरला आणि ते टाकीशी वाकले. "हात काढू नको, बेटा," ते म्हणाले. "त्याला जरा बसू दे."