दोन्ही बाजूंच्या पायऱ्या

"मागून ढकल ना, मी अडकलो इथं!"

धम्मदीपचं डोकं गोदामाच्या खिडकीत होतं आणि पाय बाहेर लोंबकळत होते. नुजहतने एक पाय धरला, शलोमीने दुसरा, आणि दोघींनी मिळून त्याला असं काही लोटलं की आतून फक्त 'धप्प' असा आवाज आला. दिवाळीच्या सुट्टीतला एकुलता एक चांगला चेंडू नुजहतच्या षटकाराने याच खिडकीतून आत गेला होता. आता चेंडूमागोमाग धम्मदीपही गेला.

"लागलं का रे?" शलोमीने विचारलं.

"नाई. कापूसच कापूस आहे. पण मी खाली खाली चाललो." मग आतून कापूस उपसल्याचा आवाज आला. "अरे, इथं पायऱ्या आहेत!"

दोघी एकीमागून एक आत उतरल्या. दारव्ह्याजवळच्या बोरखडी गावात या इमारतीला सगळे सरपंच बापूजींचं गोदाम म्हणत. आत कडेला छताला टेकेल एवढा कापूस, मध्ये कमी, आणि त्यात कमरेपर्यंत रुतलेला धम्मदीप. शलोमीने त्याच्या पायाजवळ उकरलं. खरंच, दगडी पायऱ्या खाली जात होत्या. तेवढ्यात समोरच्या बाजूला उकरणारी नुजहत म्हणाली, "इकडूनही आहेत. खड्ड्यात उतरायले दोन्हीकडून पायऱ्या कायले पाहिजेत?"

शलोमीला कारण माहीत होतं. तिचे आजोबा, श्रावण आबाजी, वर्षानुवर्षं हेच तर सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं.

ही इमारत गोदाम नव्हती, चर्च होतं. मिशनच्या मडमा निघून गेल्या, छप्पर पडलं, आणि गावातली मोजकी ख्रिस्ती घरं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना करू लागली. बापूजींच्या वडिलांनी इथे नवे पत्रे टाकून कापूस भरला, तात्पुरता. ते तात्पुरतं बापूजींचे केस पांढरे झाले तरी संपलं नाही. आता तर उद्याच्या ग्रामसभेत इमारत पाडून दुकानांचे गाळे बांधायचा ठराव होता. आबाजी विनवायला गेले तेव्हा बापूजी हसले होते. "आबाजी, हे जिनिंगचं गोदाम होय. आतला खड्डा कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचा. वय झालं का माणूस इसरते." त्या खड्ड्यात उतरून बघायचे कष्ट मात्र एकाही मोठ्या माणसाने घेतले नव्हते.

तिघं धावत आबाजींकडे गेली. पायऱ्यांचं ऐकून आबाजी खाटेवर उठून बसले.

"बाप्तिस्म्याचा हौद हाय तो," ते म्हणाले. "माही माय त्यात उतरली, मग मी उतरलो. एका बाजूनं उतरायचं, पाण्यात बुडायचं, दुसऱ्या बाजूनं वर यायचं. आल्या वाटेनं मागं फिरायचं नाई."

"एवढं पाणी कुठून यायचं?" धम्मदीपने विचारलं.

"विहिरीतून. दगडी पाट होता, थेट भिंतीतून आत."

पाट सापडला. गवत आणि मातीखाली दबलेला होता, पण दगड जागेवर होते. तिघांनी खुरप्याने तो साफ करत भिंत गाठली, तर भिंतीत तळाशी एक भोक! त्यात अडकलेली माती काढता काढता नुजहत एकदम थांबली. तिचे अब्बू बशीरभाई पत्रे बसवायचं काम करत.

"दर पावसाळ्यात बापूजीचा खालचा कापूस भिजते," ती म्हणाली, "आणि ते अब्बूशी भांडतात, पत्रा गळून राह्यला म्हणून. पत्रा कुठंच गळत नाई. पाणी तर इथून शिरते!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांना एकच कल्पना सुचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीपुढच्या कडुनिंबाखाली ग्रामसभा भरली. ठराव वाचून झाला आणि शलोमी उभी राहिली.

"बापूजी, हे गोदाम नाई. चर्च आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "विलायती धर्म तो. चर्च विलायतेत बांधा म्हणा!" चार माणसं हसली. आबाजींनी शलोमीचा हात ओढला, "बस बाई." पण ती बसली नाही. तिला राग आला होता आणि तो लपवायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"येशू काय लंडनचा होता का?" ती म्हणाली. "तो बेथलेहेमचा. ते आशियात आहे, नकाशात बघा. विलायतेलेही हा धर्म बाहेरूनच गेला. आणि गोऱ्यांचं राज्य यायच्या कितीतरी आधीपासून केरळात ख्रिस्ती लोक आहेत. माही पणजी याच गावची, याच मातीत राबली. मले बाहेरची म्हणायचं नाई!"

कोणी हसलं नाही.

"माही पणजीही इथंच मडमांकडं अक्षरं शिकली," धम्मदीप उभा राहिला. "तवा आमच्या पोरींले दुसरीकडं कोणी बसू देत नव्हतं. धर्म तिनं त्यांचा घेतला नाई. छप्पन साली दीक्षा घेतली, स्वतःच्या मनानं. पण आमच्या घरात पहिलं पुस्तक तिनंच वाचलं."

"पोट्टेहो, सारं खरं असन," बापूजी समजुतीने म्हणाले. "पण आत प्रेसचा खड्डा हाय. चर्चमंधी खड्डा कायले राहीन?"

"पाण्यासाठी. विहिरीचं पाणी आत जाते," शलोमी म्हणाली.

"गोदामात पाणी कसं जाईन? काहीही सांगतं."

"मग पंप चालू केला तर चालेल?"

"कर. खुशाल कर."

धम्मदीप विहिरीवर पळाला आणि त्याने पंपाच्या बटणावर बोट ठेवलं. नुजहतने पाट झाकायला पसरलेला पाला ओढून बाजूला केला. विहिरीपासून निघालेला दगडी पाट सरळ भिंतीपर्यंत गेलेला सगळ्या गावाला दिसला. बापूजींची नजर पाटावरून सरकत भिंतीतल्या भोकावर गेली आणि त्यांना बहुतेक दर पावसाळ्यातला सगळा भिजका कापूस एकदम आठवला.

"थांब! बंद कर! माह्या कापसाचा गाळ होईन!"

"कसा होईल?" शलोमीने विचारलं. "खड्डा तर प्रेसचा आहे ना?"

अख्खी सभा हसली. सगळ्यांत मोठ्याने हसले बशीरभाई. "बापूजी, माहे पत्रे बेकसूर निघाले ना!"

बापूजी तसे वाईट नव्हते, आळशी होते. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि स्वतःच ठराव मागे घेतला. "मी कधी आत उतरून पाह्यलंच नाई," एवढं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. मग गावच्या माणसांनी दुपारपर्यंत कापूस बाहेर काढला आणि तळाशी हौद दिसू लागला. दोन्ही बाजूंना झिजलेल्या पायऱ्या होत्या.

"पण धम्मदीप, तू खरंच बटण दाबलं असतं का रे?" बशीरभाईंनी विचारलं.

"दाबलं तरी काय होणार होतं? शेतीची लाईट दुपारनंतर येते."

बापूजी हौदात उतरून शेवटचा कापूस गोळा करत होते. हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तीन पोट्ट्यांनी सरपंचाले बनवलं. पण अक्कल हाय बरं तुम्हाले, आमच्यापेक्षा जास्त." कापूस काखेत मारून ते आल्या पायऱ्यांकडे वळले.

"तिकडून नाई, बापूजी," शलोमी म्हणाली. "इकडून."

"मले ख्रिस्ती करतं का आता?"

"पाणी कुठं आहे? लाईट नाई ना."

बापूजीही हसले. पलीकडच्या पायऱ्यांवर श्रावण आबाजी हात पुढे करून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. बापूजींनी तो हात धरला, त्या बाजूने वर आले आणि खिशातली इमारतीची किल्ली आबाजींच्या हातावर ठेवली.