राक्षसाच्या पाळण्यातला शिंपला

"ढकल ना, डेन्झिल! एवढी मोठी पॅस्टी खाल्लीस ती काय नुसती ढेकर द्यायला?"

"ढकलतोय की! खडकाला सांग!"

लोवेनानेही खांदा लावला. खडक ढिम्म!

कड्यावरचा हा प्रचंड खडक म्हणजे राक्षसाचा पाळणा. एरवी डेन्झिलच्या सहा वर्षांच्या बहिणीने, केराने, रेटला तरी तो डुलायचा. गावातलं प्रत्येक बाळ बारशाआधी त्यावर एकदा झुलवायची रीत होती. उद्या लोवेनाच्या भावाची पाळी. हिवाळ्यात बाबा बोटीबरोबर बुडाले, त्यानंतर तो जन्मला होता.

"कशाला दमता, पोरांनो?" मागून मिस्टर कार्व्हेथ आले. ही जमीन त्यांनी नुकतीच विकत घेऊन खाली पर्यटकांसाठी पाटीसकट प्लॅस्टिकचा राक्षस उभा केला होता. "म्हातारा झाला खडक. थांबला आपोआप. त्याची वेळ आली होती!"

वेळ आली होती! बाबा गेले तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. बोटीतलं पाणी उपसायचा पंप बिघडलाय हे मालकाला ठाऊक होतं, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"आपोआप काही थांबत नसतं!" लोवेना ताडकन म्हणाली.

"बापावर गेलीस हो! त्यालाही असल्याच गोष्टी सुचायच्या." कार्व्हेथ हसत हसत खाली गेले.

लोवेनाच्या मुठी वळल्या. बाबांच्या गोष्टीतला राक्षस आपलं बाळ या पाळण्यात ठेवून वादळ अडवायला समुद्रात उतरला आणि परतला नाही. तेव्हापासून गावाने पाळणा हलता ठेवला. कार्व्हेथच्या पाटीवरचा राक्षस मात्र पोरं खायचा!

केरा पोटावर झोपून खडकाखाली बघत होती. "लोवेना, दगडात शिंपला आहे!"

"ग्रॅनाइटमध्ये कुठला शिंपला?" म्हणत डेन्झिल आत सरपटला. "अरेच्चा! हे सिमेंट आहे! वरून चिखल फासलाय!"

"आणि त्यात आपल्या किनाऱ्यावरची वाळू!" लोवेनाचे डोळे चमकले. खाऱ्या वाळूचं काम टिकत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "आळशी कुठला हा कार्व्हेथ!"

डेन्झिलने तंबूच्या खुंट्या आणल्या. सिमेंट बिस्किटासारखं भुगा होऊन पडू लागलं. लोवेना इतक्या त्वेषाने घाव घालत होती की बोटं सोलवटली, तरी ती थांबेना. शेवटचं ढेकूळ निघालं आणि खडक किंचित कुरकुरला.

"आता हात लावू नका," ती म्हणाली. "उद्या. सगळ्यांसमोर!"

दुसऱ्या दिवशी कड्यावर गाव जमलं, पर्यटकही जमले. आई बाळाला घेऊन उभी होती.

"पाळणा कायमचा थांबलाय!" कार्व्हेथ गरजले. "इथे कुंपण घालणार. फोटो खालच्या राक्षसाबरोबर काढा!"

"खडक खरंच मेलाय, मिस्टर कार्व्हेथ?" लोवेनाने विचारलं.

"ठार!"

"मग वर चढून सांगा ना! मागच्यांना दिसत नाही."

कार्व्हेथ ऐटीत वर चढले. लोवेना आणि डेन्झिलने खांदे लावले.

गुडूम! खडक कलला.

"अगं आई गं!" कार्व्हेथ चारी पायांवर आले. "थांबवा! हा हलतोच कसा? मी स्वतः सिमेंट ठासलंय खाली!"

सगळीकडे हशा पिकला.

ग्रामसभेच्या अध्यक्ष हॉस्किंगबाई मात्र हसल्या नाहीत. "कुणाला विचारून?"

"कुणाचं बोट चिरडलं, तर खटला माझ्यावर..."

"मग तसं सांगायचं होतं!" लोवेना किंचाळली. "आपोआप थांबला, असं का सांगितलंत?"

हसणारेही आता कार्व्हेथकडे रोखून बघू लागले.

"उतरा," हॉस्किंगबाई म्हणाल्या. "बाळाची जागा आहे ती. कुंपण नाही आणि ती पाटीसुद्धा आजच उतरवायची!" मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास, पाखरांनो! केरा, तुझे डोळे म्हणजे घारीचे गं! लोवेना, बापाने तुला गोष्ट नीट सांगितली होती."

आईने बाळाला खडकावर धरलं. लोवेनाने हलकेच रेटा दिला. गुडूम... गुडूम...

तिचा राग गेला नव्हता. खाली बंदरात बोटमालकाच्या उरलेल्या बोटी दिसत होत्या.

"आई, त्या पंपाचं विचारायचं."

आईनेही बंदराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजच विचारू. दोघी जाऊन."

बाळ झोपलं होतं. लोवेनाने पाळणा हलता ठेवला.