वीस मिनिटांचा वास

संस्थेच्या चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत डॉ. इरावती सबनीस सकाळपासून एकच तक्ता पाहत बसल्या होत्या. राज्याच्या 'निर्व्यसन बालक अभियाना'ला तीन आठवडे झाले होते. बाराव्या-तेराव्या वर्षीच पोरं दारूला तोंड लावू लागली, तेव्हा सरकारने आधी दुकानांवर छापे घातले, मग शाळांच्या भिंती घोषणांनी रंगवल्या आणि भिंती संपल्यावर त्याला शास्त्रज्ञांची आठवण झाली. इरावतीबाईंनी गंधद्वेष लस तयार केली. त्यांचा धाकटा भाऊ हेरंब सोळाव्या वर्षी दारूनेच गेला होता. ही लस म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं संशोधन नव्हतं.

"मळमळ, उलट्या, आईच्या हातचं ताटसुद्धा नको," सहकारी डॉ. जयवंत उपरे तक्त्यावर बोट ठेवत म्हणाले. "जवळजवळ प्रत्येक घरातून हीच तक्रार. लशीत काही खोट नाही, मी तीनदा तपासली."

"मग?"

"मॅडम, लस काय करते ते पहिल्यापासून बघू. टोचल्यावर वीस मिनिटं मुलाची घ्राणस्मृती कोरी होते. तेवढ्यात आपण त्याला मद्याची वाफ हुंगवतो. मेंदू त्या वासाशी किळस जोडून टाकतो, ती थेट एकविसाव्या वर्षापर्यंत. पण मेंदूला मद्य काय ठाऊक? त्या वीस मिनिटांत जो वास येईल, तो त्याच्या लेखी विष."

"चाचण्यांत असं एकदाही झालं नाही."

"चाचण्यांत मुलं काचेच्या खोलीत एकटी बसायची."

इरावतीबाईंना ती खोली आठवली. त्या खोलीत मुलं फार रडायची. ते बघवेना, म्हणून अभियानाच्या सूचनांमध्ये एक वाक्य त्यांनी स्वतः हट्टाने घातलं होतं: 'लस टोचताना व नंतर वीस मिनिटे बालकास आईने मांडीवर घ्यावे.' मंत्रिमहोदयांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पोस्टरवर छापलं. पोस्टरवरचा फोटो इरावतीबाईंचाच होता, मांडीवर लस टोचून घेतलेली सात वर्षांची लेक शर्वी.

"एकही तक्रार नाही, अशी जागा आहे कुठली?" त्यांनी विचारलं.

"अनाथाश्रम," उपरे म्हणाले. "तिथली मुलं ठणठणीत आहेत."

मग उपऱ्यांनी हळूच विचारलं, "आणि शर्वी?"

"ताईकडे आहे. मी जवळ गेले की ओकते. मला वाटलं, पोट बिघडलंय. मी तिला ओव्याची फक्की देत होते, जयवंत. अंगाचा वास साबणाने जाईल का?"

"वरवरचा. मूळचा जन्मभर तोच राहतो."

"उतारा?"

"तुम्हीच ठेवला नाहीत. असता तर पोरांनी कुठूनही मिळवला असता, असं तुम्हीच म्हणाला होता."

इरावतीबाई तशाच उठून बहिणीच्या घरी गेल्या आणि दारातच थांबल्या. शर्वी हॉलच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीला चिकटून उभी होती. एकविसावं लागायला अजून चौदा वर्षं होती.

"आई, तिथेच थांब हं," शर्वी म्हणाली. "मला एक युक्ती सापडलीय."

तिने छातीभर श्वास घेतला, गाल फुगवले, ओठ घट्ट मिटले आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. इरावतीबाईंनी तिला छातीशी धरलं. तीन आठवड्यांनी लेक हाताला लागत होती. केसांतली रिबीन सुटली होती, ती त्यांनी चाचपडत बांधली. सुख झालं, आणि त्या सुखानेच काळीज फाटलं.

शर्वीचा चेहरा लाल झाला, कानशिलं तापली, अंग थरथरू लागलं. पण मिठी सुटेना.

"श्वास घे, बाळा."

शर्वीने मान हलवली. नाही.

शेवटी इरावतीबाईंनीच तिची बोटं एकेक करून आपल्या मानेवरून सोडवली आणि तिला दूर ढकललं. शर्वी खिडकीपाशी पळाली. तिथे धापा टाकत, डोळे पुसत ती म्हणाली,

"आज चाळीस आकडे झाले, आई. उद्या पन्नास करीन."