आम्ही कळवतो

झेरॉक्सवाल्यानं पेनड्राइव्हमधली चुकीची फाइल उघडली, आणि शिवानीच्या लग्नाच्या बायोडाट्याच्या पाच प्रती मशीनच्या पलीकडं उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलाच्या हातात जाऊन पडल्या.

दोष थोडा तिचाही होता. फाइली दोन, नावं जवळजवळ एकच. नोकरीचा बायोडाटा तिनं स्वतः केलेला. लग्नाचा निलंग्यात अप्पांनी, तिच्या वडिलांनी, करून घेतलेला – वर ‘श्री गुरुबसवलिंगाय नमः’, खाली उंची, रंग, मामाचं गाव आणि सगळ्यात शेवटी ‘अपेक्षा’. त्या मुलानं तो वाचायला नको होता. पण शेवटची ओळ वाचल्याशिवाय कागद खाली ठेवणारी माणसं जगात फार थोडी आहेत, आणि हा त्यांतला नव्हता.

“नांदेडच्या हळद कंपनीत द्यायचंय म्हणालात ना आत्ता?” तो गंभीरपणे म्हणाला. “मग एवढी ओळ काढा. ‘निर्व्यसनी व नोकरदार असावा.’ कंपनी कुठून आणंल?”

शिवानीनं कागद ओढून घेतले. “दुसऱ्याचे कागद वाचायची सवय हाय का तुमाला?”

“न्हाई. हे पयलेच.”

हसताना त्यानं मान खाली घातली, पण कान लाल झाले होते. शिवानीनं ते पाहिलं, आणि पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडत ती औसा रोडच्या उन्हात बाहेर पडली.

लातूरला ती आठ दिवसांसाठी जगदेवीमावशीकडं आली होती. फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात दोन मुलाखती झाल्या, दोन स्थळं येऊन गेली, आणि चौघांनीही उठताना एकच वाक्य म्हटलं – आम्ही कळवतो. कळवलं कुणीच नाही. शेवटी अप्पांनी तोडगा काढला. नांदेडची ही मुलाखत दे, लागली तर खुशाल नोकरी कर, मी आडवा येणार नाही. नाही लागली तर मात्र मी दाखवीन त्या स्थळापुढं मुकाट बसायचं. शिवानीनं कबूल केलं होतं. गुरुवारी अकरा वाजता तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा निकाल लागणार होता.

“तुझी तयारी करून घ्यायला एक सर येणार हायेत,” मावशीनं सोमवारी सांगितलं. “मुलाखतीचे क्लास घेतेत. आपल्या उदगीरच्या पाव्हण्यातलेच.”

सर आले. सर म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला तोच मुलगा. नाव मृत्युंजय.

शिवानीच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती पाल तिथं कायमची मुक्कामालाच होती. दूध दिसलं की हिला आधी पाणी दिसायचं, तिखट दिसलं की विटेची भुकटी. कॉलेजनं या स्वभावाला भेसळ-तपासणी असं नाव देऊन वर पदवीही दिली होती. त्यामुळं मावशीनं दिवाणावरची चादर का बदलली, कपाटातले ठेवणीतले कप का काढले आणि “मुलाखतीला साडीची सवय पायजे” म्हणून आपल्याला गुलाबी साडी का नेसवली, हे सगळं तिनं मनात एका ओळीत मांडून ठेवलं.

“स्वतःबद्दल थोडक्यात सांगा,” मृत्युंजयनं सुरुवात केली.

“तुमी वाचलंय की सगळं. उंचीसकट.”

तो गोंधळला, मग सावरला. “मी आता कंपनी आहे, असं समजा. पुढचा प्रश्न. पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठं पाहता?”

मावशी नेमकी तेव्हाच शिरा घेऊन आली आणि ते ऐकून समाधानानं हसली. शिवानीनं तेही टिपलं.

“मतभेद झाले तर कसं हाताळाल? दबावाखाली काम जमतं का? गावाबाहेर राहावं लागलं तर तयारी आहे?” तो वहीत बघून विचारत होता, आणि तिला प्रत्येक प्रश्नामागं एक सासू उभी दिसत होती. तरी उत्तरं तिनं दिली. चांगली दिली. कारण प्रश्न, काही म्हणा, चांगले होते. आधीच्या दोन्ही मुलाखतींत ती जिथं अडखळली होती, त्याच जागांवर हा माणूस न चुकता बोट ठेवत होता.

मंगळवारी तिनं त्याची एक खूण पकडली. कंपनी म्हणून बोलताना तो पुस्तकी मराठी बोलायचा – आपण, पाहता, हाताळाल. स्वतःचं काही बोलायला लागला की भाषा सरळ उदगीरला उतरायची. तिनं लातूरच्या बाजारातून आणलेली हळकुंडं त्याच्यापुढं ठेवली होती आणि ओळखायचं कसं ते समजावत होती. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना कट्‌ असा खणखणीत आवाज येतो, ओलं असेल तर नुसतं वाकतं... त्यानं एक मोडून बघितलं. बोटं पिवळी झाली.

“आता हळद लागली म्हणायची का?” त्यानं विचारलं.

“ती कंपनीची हाय.”

तो हसला. मग वहीत न बघता म्हणाला, “आन नांदेडला एकटीला करमंल का तुमाला?”

शिवानीनं हळकुंड खाली ठेवलं. “हा प्रश्न कंपनीचा का तुमचा?”

त्यानं वही मिटली. स्वयंपाकघरातली भांडी एकाएकी वाजायची थांबली.

“तुमी शिकवायला आलाव का बघायला?” तिनं आवाज खाली आणून विचारलं.

खोटं बोलणं त्याला जमण्यासारखं होतं, पण त्यानं ते केलं नाही. “दोन्हीला. आमच्या अव्वानं, आईनं म्हंजे, आन तुमच्या मावशीनं ठरवलंय. पोहे खात पोरीला प्रश्न इचारणं मला जमत न्हाई, म्हणून त्यांनी ही युगत काढली. दुकानातली भेट मात्र खरंच अचानक झाली... देवाशपथ.”

“बघून झालं?”

“हाव.”

“मग कळवून टाका.”

“तुमची मुलाखत झाल्यावर कळवतो.”

झालं. पुन्हा तेच वाक्य. शिवानीची कानशिलं तापली, आणि वाईट वाटलं ते वेगळंच. कारण गेल्या दोन दिवसांत तिला हा माणूस आवडायला लागला होता, आणि हे तिनं स्वतःलाही नीट कळवलं नव्हतं.

“समजलं,” ती म्हणाली. “नोकरी लागली तर होकार, न्हाई लागली तर नकार. पगार बघून पोरगी ठरवायची.”

मृत्युंजयचा चेहरा उतरला. त्यानं वही उचलली. “उद्या शेवटची तयारी. सांजी सात वाजता येतो,” एवढंच म्हणून तो गेला.

बुधवारी तो आला, तास घेतला, फक्त कंपनीचेच प्रश्न विचारले. एकदाही उदगीरची भाषा तोंडातून आली नाही. निघताना दारात मावशीशी दोन मिनिटं काहीतरी बोलला. शिवानी आतल्या खोलीत कागद लावत होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत. चपला घालायला मात्र त्यानं फार वेळ लावला, एवढं कळलं.

मावशी आत आली आणि खुर्चीवर बसून राहिली.

“काय झालं?”

“न्हाई म्हणला गं पोरगा. तोंडावर न्हाई म्हणला.”

शिवानी हसायला गेली आणि तिला जमलं नाही. तीन दिवस ज्याच्यावर संशय घेतला, त्यानं नकार दिला तर खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं. तसं वाटलं नाही. त्यात एक गोष्ट तर बसतच नव्हती. पगाराकडं डोळा असलेला माणूस आणखी एक दिवस थांबला असता. निकाल लागायच्या आदल्या दिवशी नकार कोण देतो?

पहाटे सहाच्या नांदेड गाडीत ती खिडकीशी बसली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. ती हळदीच्या टिपणांवर डोळे ठेवून होती आणि कागदावर काय लिहिलंय ते तिला एक अक्षर दिसत नव्हतं.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या बाईंनी फारसं काही विचारलंच नाही. तीन ताटल्यांत हळकुंडं ठेवली आणि म्हणाल्या, “यांतला कुठला माल तुम्ही परत पाठवाल?”

पहिला मळकट होता, दुसरा बरा, तिसरा पिवळाधमक. शिवानीनं तिसरा उचलला. इतकं देखणं काही दिसलं की तिला चैन पडायची नाही. तिनं मोडून बघितलं. आवाज आला नाही, आत रंग फिका होता, आणि बोटं मात्र मोडायच्या आधीच पिवळी झाली होती.

“हा परत. वरून रंग चढवलाय. प्रयोगशाळेत नक्की कळंल, पण मी ट्रकमधून उतरवूनही घेणार नाही.”

“तुम्ही सगळ्यांवरच संशय घेता का?”

“घेते. पण तपासल्याशिवाय कुणाला वाईट म्हणत नाही.” हे बोलली आणि तिच्या मनात काहीतरी खटकलं. एका माणसाला तिनं न तपासताच वाईट म्हटलं होतं.

डावीकडच्या गृहस्थांनी लग्नाचं विचारलंच. “कालच एक नकार आलाय,” शिवानी म्हणाली, “त्यामुळं मन लावून काम करीन.” बाई खळखळून हसल्या. मग तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि ते गृहस्थ म्हणाले, “ठीक आहे. आम्ही कळवतो.”

शिवानी उठली नाही. “केव्हा कळवाल, तेवढं सांगता का सर? मी या वाक्यावर दीड वर्ष काढलंय.”

तिला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं बाई स्वतः पत्र घेऊन आल्या. एक मार्चला हजर व्हायचं होतं.

बसस्टँडवरून तिनं मावशीला फोन लावला. मावशी आधी रडली, मग त्या रडण्यातच मृत्युंजयवर घसरली. “कालच होय म्हणला असता तर आज दोन आनंद झाले असते. तुज्या अप्पांचा सांजचाच फोन आला होता. म्हणले, पोराकडून होकार घे आन पोरीला नांदेडला धाडू नको, सरळ निलंग्याला आण, रविवारी सुपारी फोडू. लातूरचा जावई मिळून राहिला तर नांदेडची नोकरी कशाला? मी त्याला दारात तसंच सांगितलं. उद्या सांजी सांगतो म्हणला. मी म्हणलं, न्हाई, होय का न्हाय ते आत्ता, उत्तर येईस्तोवर पोरगी घराबाहेर पडणार न्हाई असं अप्पांनी बजावलंय. तर उभा राहिला, उभा राहिला, आन म्हणला, मग नकार कळवा. आन वर इचारतो, सकाळची गाडी कितीला हाय तिची?”

शिवानी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. फलाटाला लागलेली लातूर गाडी सुटायला लागली तेव्हा कंडक्टरनं हाक मारून तिला आत घेतलं.

साडेपाचला लातुरात उतरली, ती पिशवी घेऊन सरळ त्याच्या क्लासवर गेली. वर्ग सुटला होता. तो फळा पुसत होता.

“लागली,” ती दारातून म्हणाली.

त्यानं डस्टर खाली ठेवलं. एवढा आनंद तिनं अप्पांच्या तोंडावरही कधी बघितला नव्हता. “मला ठावं होतं,” तो म्हणाला.

“आन मला आत्ता कळलं. काल दारात काय झालं ते.” तिनं पिशवी बाकावर ठेवली. “मला सांगायचं न्हाई व्हय?”

“काय सांगणार? सांगितलं असतं तर तुमी रातभर अप्पांशी भांडला असता आन सकाळी लाल डोळ्यांनी मुलाखतीला गेला असता.”

“उपकार असंल तर मला नको.”

“उपकार कुठला...” तो फळ्याकडं तोंड करून म्हणाला. “लई जड गेलं मला. होय म्हणायचं मंगळवारीच ठरलं होतं माझं. हळकुंड मोडलं तवाच. मुलाखतीत तुमचं ध्यान ढळू नये म्हणून ‘कळवतो’ म्हणलो. पण मी होय म्हणलो असतो तर तुमची गाडी हुकली असती. आन ज्या होकारानं तुमची गाडी हुकती, तो घेऊन मी जन्मभर काय करू?”

आयुष्यात पहिल्यांदाच शिवानीकडं एकही शंका उरली नव्हती, आणि त्याची तिला सवयच नव्हती. ती दोन पावलं आत आली. त्याच्या मनगटावर खडूचा पांढरा पट्टा उठला होता, तो तिनं पदराच्या टोकानं पुसला. तो हात मागं न घेता उभा राहिला.

“पण आता उशीर झाला,” तो हळूच म्हणाला. “एकदा नकार गेला की पुन्हा दार कोण उघडतंय? आमची अव्वा बोलंना माझ्याशी. तुमचे अप्पा तर मला उंबऱ्याशी उभं करणार न्हाईत.”

हे मात्र खरं होतं. तिच्या अप्पांनी आजवर नकाराचं घर पुन्हा विचारलं नव्हतं. शिवानीनं थोडा वेळ विचार केला. मग फोन काढला, त्याच्यासमोरच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“अप्पा, नोकरी लागली.”

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. “ब्येस झालं, शिवा. शब्द दिलाय, मी आडवा येणार न्हाई.” मग ते पुढं म्हणाले, “ते उदगीरचं पोरगं तेवढं हातातनं गेलं. चांगलं होतं म्हणं.”

“चांगलंच हाय. मी तीन दिवस बघितलंय त्याला.” तिनं मृत्युंजयकडं बघितलं. त्याचे कान पार लाल झाले होते. “अप्पा, दरवेळी पोराकडच्यांना इचारता तुमी, पोरगी पसंत हाय का म्हणून. मला एकदा इचारा की.”

“तुला काय इचारू गं आता? पोरानं नकार दिलाय.”

“त्यानं दिला असंल, अप्पा,” शिवानी म्हणाली. “मी कुठं दिलाय?”