शेगडीपाशी पाठमोरी

ही गोष्ट खरी आहे.

पण माझ्यासारख्या माणसाने असं म्हटलं, की पहिली शंका मलाच येते. डुलकी लागली होती का? चष्मा पुसला होता का? हे सगळं माझं स्वतःला विचारून झालं आहे. म्हणून जेवढं नक्की पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच सांगतो.

रात्रीची गोष्ट नाही. रात्री आमच्याकडे काही होत नाही. जे होतं ते दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात. पुढची खोली माझी आणि पुस्तकांची, मधली ताईची, आणि बोळातून सरळ गेलं की स्वयंपाकघर.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. एकोणचाळीस वर्षं. एकही ओळ न वाचता सोडायची नाही, एवढंच काम.

लग्न केलं नाही. ताई माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. आली त्या दिवशी तिने पिशवीतून लांब दांड्याचा लाकडी चमचा काढला, शेगडीजवळच्या खिळ्याला टांगला आणि म्हणाली, "हे स्वयंपाकघर माझं. तू फक्त जेवायला यायचं."

त्या चमच्यावर तिने नव्याने आयुष्य उभं केलं, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या कॉम्प्युटरवर ताईच्या मुलीने एक गेम टाकून दिला. म्हणाली, "मामा, माणसांशी बोलता येत नाही ना, मग इथे बोला."

साधा गेम. लहानसं गाव, त्यात आपलं घर, मागे बाग. ऋतू बदलतात. त्या ऋतूत जे पिकेल ते तोडायचं, शिजवायचं, शेजाऱ्याला द्यायचं. मारामारी नाही. हा गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. निम्मे लोक गेम अडकला म्हणून रडतात आणि निम्मे आज घरी खरोखर काय शिजवलं ते सांगतात. कुणाची स्क्रीन काळी पडते, कुणाचं भोपळ्याचं सूप पातळ होतं. तिथे माझं नाव चष्मा.

मला त्या ग्रुपवर कधी कुणाला उपयोगी पडता आलं नाही. उत्तर लिहून, दोनदा तपासून पाठवेपर्यंत तीन जणांनी सांगून झालेलं असायचं. वायरमन नेहमी पहिला. तो खरंच वायरमन आहे. एकदा त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "चष्मेकाका, उत्तर पोस्टाने पाठवलंत का?"

लोक हसले. मीही हसण्याचं चिन्ह पाठवलं.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. आता कुणी तुझी टिंगल केली तर तोंड का पाडतोस?"

एका मंगळवारी ताई संत्री सोलत बसली होती. थंडीत ती सालींसकट त्यांचा जॅम करते. दोन दिवसांचं काम असतं. मी स्क्रीनसमोर होतो.

सुई नावाच्या बाईचा मेसेज आला. शिवणकाम करायची, म्हणून सुई. ग्रुपवर नवीनच.

"गेम पुढे सरकत नाही. गेममधलं घड्याळ चार दहावर थांबलंय. सेव्हचं बटणही चालत नाही. काय करू?"

मी माझ्या घड्याळाकडे पाहिलं. चार दहा.

गंमत वाटली, एवढंच.

कुणी उत्तर दिलं नव्हतं. आणि उत्तर मला येत होतं.

खाली अक्षरं उमटली... वायरमन लिहीत आहे.

मी घाईघाईने लिहिलं, "सेव्हचा जुना फोल्डर काढून टाका आणि नवीन घर सुरू करा." एरवी मी आधी लिहितो, फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. त्या दिवशी ती ओळ गाळली.

पाठवलं. मी पहिला होतो.

मिनिटाभरात तिचं उत्तर आलं. "काढला."

मग मी वर पाहिलं.

तिच्या प्रश्नाखाली तिचाच आणखी एक मेसेज होता. मी लिहायला लागलो त्याच्या आधीपासून होता. मी वाचलाच नव्हता.

"हा गेम माझ्या आईचा आहे. आई दोन महिन्यांपूर्वी वारली. गेममध्ये ती शेगडीपाशी पाठमोरी उभी आहे. तिला तिथेच राहू दे. फक्त घड्याळ पुढे कसं सरकवायचं ते सांगा."

मी तो मेसेज दोनदा वाचला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून काढला," तिने लिहिलं. "मला वाटलं, सगळं वाचूनच सांगत असाल."

पुढचा तासभर ग्रुपने मला सोलून काढलं. वायरमनने लिहिलं, "काका, लोकांच्या चुका वाचून पोट भरलंत ना? मग या चार ओळी जड झाल्या?" मी क्षमस्व म्हटलं. त्यावर कुणीतरी, "बाईच्या आईचं घर पाडलं आणि म्हणे क्षमस्व."

शेवटी सुईचा मेसेज आला.

"माझी आई आता कुठे उभी राहणार? तुम्ही काढलंत ना तिला. आता तुम्हीच ठेवून घ्या."

आणि ती ग्रुप सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ताईने जॅम मंद आचेवर ठेवला आणि जरा पडायला गेली. मी गेम उघडला. खेळायची इच्छा नव्हती. ग्रुपकडे बघायची तर हिंमतच नव्हती.

गेममध्ये माझं घर एका खोलीचं आहे. मी तिथे एकटा राहतो. बाहेरच्यांना येता येऊ नये म्हणून दार बंद ठेवायची सोय असते, तीही मी लावलेली आहे.

घराच्या खिडकीत दिवा होता...

आत गेलो. शेगडीपाशी एक बाई उभी होती. पाठमोरी. राखाडी केसांचा अंबाडा, निळा झगा, वर दोरीने बांधलेला एप्रन. पातेल्यात काहीतरी ढवळत होती.

घड्याळ चार दहावर होतं. सेकंदाचा काटा हलत नव्हता.

आणि आवाज येत होता. चमचा पातेल्याच्या तळाला घासल्याचा. तीन फेरे... मग काठावर एकदा टक.

तीन फेरे... टक.

गेममध्ये इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी आवाज कमी केला. अगदी बंद केला.

आवाज येतच राहिला.

तो बोळातून येत होता.

ताई उठली असेल, जॅम ढवळत असेल, असं मनाशी म्हटलं. हायसं वाटलं. तेवढ्यात मधल्या खोलीतून ताई खोकली.

"काय रे," ती झोपेतच म्हणाली, "आज स्वयंपाकघरात तू शिरलास? तळाला लागेल हं. नीट ढवळ."

मी उठलो नाही. उठलो असं सांगता आलं असतं. नाही उठलो.

आवाज थांबल्यावर आम्ही दोघं आत गेलो. कुणी नव्हतं. जॅम तयार होता. ताईने बोटावर घेऊन चाखला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा माझ्या हातचा नाही," ती म्हणाली.

खिळ्यावर चमचा नव्हता.

दोन दिवस शोधला. पलंगाखाली, कचऱ्यात, माझ्या पुस्तकांमागेसुद्धा. शुक्रवारी तो मला सापडला.

गेममध्ये... त्या बाईच्या हातात.

ताईच्या चमच्याचं टोक एका बाजूने जळलेलं आहे. याचंही होतं.

मग ताईचं स्वयंपाकघरातलं स्टूल गेलं. त्याच्या एका पायाला मी हिरवी चिकटपट्टी गुंडाळली होती. गेममधल्या स्टुलालाही होती, तशीच, वाकडी. मग चहाचा डबा गेला. रोज एक वस्तू. इकडे जागा रिकामी व्हायची, तिकडे भरायची.

मी ताईला स्क्रीन दाखवली नाही. घाबरेल म्हणून नाही. माझ्यामुळे झालं, हे सांगायची लाज वाटली म्हणून.

सोमवारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिचं मनगट भाजलेलं होतं.

"काय झालं?"

"मला ढकललं."

"कोणी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "ते तू सांग. अकरा वर्षं त्या शेगडीपाशी उभी आहे मी. कधी कोणी म्हटलं नाही, सरक. आज कानाशी म्हणाली, सरक."

"कोण म्हणाली?"

"तुला माहीत आहे कोण. तू तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीयेस."

तेव्हा सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "तिचं घर तू मोडलंस. आणि भरपाईला माझं दिलंस."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गेली नाही. खालच्या खाणावळीतून डबा येऊ लागला.

मी सुईला वेगळा मेसेज पाठवला. माफी मागितली. काय काय घडलं ते लिहिलं. विचारलं, मी काय करू.

चार दिवसांनी उत्तर आलं.

"आईला एकटीने स्वयंपाक करायची सवय नाही. हाताखाली कुणीतरी लागतं. नसलं की चिडते."

मी पुन्हा लिहिलं. ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिने मला ब्लॉक केलं होतं.

मग नाइलाजाने वायरमनला फोन केला. त्याने टिंगलीला सुरुवात केली होती, पण माझा आवाज ऐकून ती सोडली. सगळं ऐकून घेतलं.

"काका, हे खरं की खोटं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही तिला जे सांगितलंत तेच करा. फोल्डर काढून टाका. संपलं."

"आत्ता करू?"

"मी फोनवर आहे. करा."

फोल्डर शोधला. त्यावर बाण नेला. बोट माउसवर होतं.

या खेपेला सगळं वाचायचं, असं मी ठरवलं होतं. म्हणून आधी एकदा गेम उघडून पाहिला.

बाई शेगडीपाशीच होती. पाठमोरी.

पण खोलीत ती एकटी नव्हती...

दारापाशी, हिरवी पट्टी लावलेल्या स्टुलावर, आणखी एक बाई बसली होती. तीही पाठमोरी. बुटकी, तपकिरी शाल पांघरलेली, शालीच्या एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्याने रफू. मांडीवर संत्र्यांचं ताट. ती साली काढत होती.

ते रफू मी केलं होतं. गेल्या हिवाळ्यात.

"काका?" फोनवर वायरमन म्हणाला. "काढलात का?"

मी मधल्या खोलीत धावलो. ताई पलंगावर बसली होती. शाल अंगावर होती. मी हाक मारली. तिने वर पाहिलं, पण ओळख पटायला तिला वेळ लागला.

तिच्या नखांत संत्र्याची साल होती.

घरात दोन आठवडे संत्रं आलेलं नाही.

फोल्डर मी काढला नाही. कसा काढणार? वायरमनला तसं सांगितलं, आणि माझ्याकडेही सेव्हचं बटण आजपासून चालत नाही, हेही. त्याने माझा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाला, "मग बंदही करू नका. सेव्ह होत नाहीये ना? बंद केलंत की त्यात जे आहे ते जाईल."

त्याने स्वतः येऊन कॉम्प्युटरला एक बॅटरीचा खोका जोडून दिला. वीज गेली तर वीस मिनिटं चालेल म्हणाला. जाताना त्याने स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि चहा न घेता गेला.

तेव्हापासून कॉम्प्युटर चालू आहे.

ताई आता फार बोलत नाही. काल मी मुद्दाम विचारलं, "ताई, जॅमला साखर किती घालतेस?" ती म्हणाली, "मला काय विचारतोस? मी फक्त साली काढते."

भाचीला फोन केला. ती म्हणते, "मामा, आईचं वय झालंय. विसरणारच." असेलही. मी स्वतःला रोज तेच समजावतो.

आज सकाळी जिन्यात नोटीस लागली. गुरुवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वीज बंद. दुरुस्तीचं काम.

आज बुधवार आहे.

हे वाचणाऱ्या कुणाला या गेमबद्दल काही माहीत असेल तर सांगा. पण एक विनंती आहे. वरचं सगळं वाचून मगच सांगा. घाई करून पहिलं उत्तर देऊ नका.

आत्ता चार दहा झाले आहेत. स्वयंपाकघरातून आवाज येतो आहे. तीन फेरे... टक. तीन फेरे... टक.

पण आज त्यात आणखी एक आवाज आहे. चाकू ताटाला लागल्याचा. आणि मध्येच एक खोकला.

ताईच्या खोलीचं दार अर्धं उघडं आहे. इथून फक्त पलंगाचं पायथ्याचं टोक दिसतं.

तिथे शालीचा कोपरा असायला हवा होता.

मी अजून उठलेलो नाही.