रेतीबंदरची फटफटी

बाळ, ती फटफटी आधी अंगणात घे. कल्याणला उजाडल्यावर दोघं जा, सासुरवाडी कुठं पळून जात नाही. शुभदा, तू दार ओढून घे गं. कंदील राहू दे तिथंच.

तोंड वाकडं करू नकोस. नवी गाडी आली की अंगात वारं शिरतं, मला कळतं ते. हरिहर ताम्हाण्याच्याही शिरलेलं. ठाण्यात, आपल्या याच खोपट वस्तीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा तो. पुढचं सगळं त्यानं मला हॉस्पिटलच्या खाटेवर पडून सांगितलं. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हरिहर शहाडला एका कारखान्यात केमिस्ट होता. सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पाळी रात्री बाराला सुटे आणि त्या वेळी ठाण्याला यायला गाडी नसे. म्हणून एकोणपन्नास साली त्यानं एक सायकल घेतली, मागच्या चाकाला छोटं इंजिन बसवलेली. चढ आला की हा उतरून ढकलायचा. इंजिन ह्याला नेतंय की हा इंजिनाला, ते बघणाऱ्याला कळत नसे. आम्ही खूप हसायचो. पण बायकोला, वासंतीला, मोठं कौतुक होतं. आपला नवरा इंजिनावर कामाला जातो, हे ती चारचौघींत सांगायची.

कल्याणहून मानपाडा, शीळ, मग मुंब्रा. मुंब्र्यापुढं रस्ता कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, उजव्या हाताला खाडी, आणि खाडीला लागून रेतीबंदर. त्या बंदरावर पोपट राहायचा. तिथल्या झोपडीतल्या आवडाबाईचा एकुलता एक लेक, रेतीच्या धंद्यातला, अंगानं रेडा. कल्याणच्या लष्करी कॅम्पातलं भंगार जोडून त्यानं एक फटफटी उभी केलेली आणि तिचा सायलेन्सर मुद्दाम काढून टाकलेला. रात्री दिवा न लावता तो रस्त्यावर हिंडायचा. हरिहरची सायकल दिसली की मागून यायचा आणि खिळ्यांच्या मिलिटरी बुटानं कॅरिअरवर लाथ घालायचा.

"काय रं शिलाई मशीन! सदरा शिवतंस का माजा?"

आणि हसायचा. असा हसायचा की डोंगरावरून उलटं ऐकू यायचं. एकदा त्या लाथेनं हरिहर खडीवर तोंडावर आपटला. समोरचे दोन दात गेले, ओठ फाटला. पोपटनं गाडी थांबवली, रक्त बघितलं, आणि त्याचा डबा उचलून खाडीत भिरकावला. वासंतीनं विचारलं तेव्हा हरिहर म्हणाला, कुत्रं आडवं आलं. खरं सांगायची लाज वाटली बिचाऱ्याला. ती लाज त्यानं गिळली ती पोटात सडत गेली.

एक्कावन्न साली त्यानं कॅम्पाच्या लिलावात मिलिटरीची हिरवी मोटारसायकल घेतली. वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! पोपटला आता तोडीस तोड गडी मिळाला. रोज रात्री शर्यत. पोपट बाजूला येऊन सायकलची चेन फिरवायचा. एका रात्री ती हरिहरच्या पाठीवर बसली, सदरा आणि कातडं एकदमच फाटलं. मी हळद लावली त्या पाठीला. म्हटलं, पोलिसांत जा. तो नुसता भिंतीकडे बघत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बावन्नचा डिसेंबर. मुंब्र्याच्या पुढं पोपट उजव्या अंगानं बरोबरीला आला. तोंड हरिहरकडे वळवून हसत होता. त्यामुळे समोर काय आहे ते त्याला दिसलं नाही. हरिहरला आपल्या दिव्यात दिसलं. बंदराच्या कडेला रेतीचा ट्रक उभा होता, दिवे बंद, मागचा फाळका आडवा बाहेर आलेला. ओरडता आलं असतं. नुसतं "अरे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हरिहरनं उजवा पाय उचलला आणि पोपटच्या बरगडीत होता नव्हता तेवढा जोर लावून लाथ हाणली.

फाळक्याची कड हनुवटीखाली बसली. हसणं मधेच तुटलं. गाडी ट्रकखाली गेली, धड एकीकडे पडलं आणि... राहू दे. शुभदा आहे इथं.

हरिहर थांबला नाही. ट्रकवाला बंदरावर झोपलेला, बघितलं कोणी नाही. सगळे म्हणाले, अपघात. बिनदिव्याची गाडी, दुसरं काय होणार? हरिहर घरी आला, आंघोळ केली, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो रडला.

थोडे दिवस गेले. मग एका रात्री मुंब्रा सुटल्यावर मागून आवाज आला. सायलेन्सर नसलेल्या गाडीचा. वळून बघितलं तर रस्ता मोकळा. ह्यानं वेग वाढवला, आवाज तेवढाच मागं. कमी केला, तरी तेवढाच. आणि बंदरापाशी मागच्या मडगार्डवर धाडकन एक लाथ. पत्रा आत गेला.

रोज रात्री ती लाथ. दिवसा काही नाही. हा पत्रा ठोकून घ्यायचा, पुन्हा आत जायचा. मग पंचावन्न साली त्यानं कोरी करकरीत लाल गाडी घेतली, मागं ऐसपैस सीट असलेली. गल्लीनं पेढे खाल्ले. सगळ्यांना वाटलं, हरिहरची भरभराट झाली. भरभराट कसली, तो पळत होता. पहिल्याच रात्री त्यानं मूठ पिळली ती सोडलीच नाही. काटा पार टोकाला गेला. मागचा आवाज तोच, जुनाच, भंगारातल्या इंजिनाचा... आणि अंतरही तेवढंच. त्या रात्रीची लाथ नव्या सीटवर बसली. स्प्रिंगा तुटून वर आल्या.

मग त्यानं रात्रपाळी सोडली, साहेबाच्या हातापाया पडून दिवसाची मागून घेतली. अंधार पडायच्या आत घरी. वर्ष बरं गेलं. माणसाला वर्षभर बरं गेलं की वाटतं, मिटलं.

आता ती रात्र. छप्पन सालची खंडेनवमी, शनिवार. वासंती माहेरी गेलेली, कल्याणला पारनाक्यावर. दसऱ्याला घरची लक्ष्मी घरी हवी म्हणून हरिहर सकाळी गाडीची पूजा करून दुपारी तिला आणायला निघाला. काम साधं, बायकोला आणायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं.

सासरे दारातच म्हणाले, "हे काय, जावईबापू? पूजलेली गाडी आज बाहेर काढली? खंडेनवमीला हत्यार पूजलं की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो."

"गाडी काय हत्यार आहे का?" असं म्हणून हरिहर हसायला गेला. हसू काही पुरं झालं नाही.

जावयाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून जेवण झालं, मग विडा झाला, मग सासूबाईंनी ओटी भरली. वासंतीनं गाडीच्या दिव्याला स्वतः ओवलेला झेंडूचा हार घातला. दोरा संपला, तेव्हा तिनं आपल्या पातळाच्या काठातला जांभळा धागा उपसून शेवटची फुलं ओवली. हरिहर घड्याळ बघत होता. निघाले तेव्हा नऊ वाजून गेलेले.

शीळपर्यंत वासंती बडबडत होती. तिला पहिल्यांदाच एवढी लांब सफर मिळालेली. हरिहर हं हं करत होता. नवमीचं चांदणं होतं. मुंब्रा गेलं.

आवाज आला.

हरिहरनं मान वळवली नाही. इतकी वर्षं त्यानं मनाला समजावलेलं, हे आपल्याच डोक्यात आहे. पापी मनाचे खेळ. पत्रा काय, दगडानंही वाकतो...

"अहो," वासंती त्याच्या कानाशी म्हणाली, "मागून कोणी येतंय. त्याला पुढं जाऊ द्या ना."



"तुला... ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं! केवढा तो आवाज. आणि दिवा नाही हो त्याच्या गाडीला."

त्यानं मूठ पिळली. आवाज तेवढाच मागं. मग कमी मागं. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

"अहो, हसतोय तो." तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली. "शिलाई मशीन म्हणतोय कोणाला तरी. कोण आहे हा? तुमच्या ओळखीचा आहे?"

बंदराचे दिवे दिसायला लागले.

लाथ नेहमी मागच्या अंगाला बसायची. मागच्या सीटवर वासंती.

"अहो... त्याला..." ती थांबली. "त्याला तोंड..."



हरिहरनं ब्रेक दाबला. चार वर्षांत पहिल्यांदा तो त्या रस्त्यावर थांबला. वासंतीला ओढून खाली उतरवलं, डोंगराच्या अंगाला ढकललं.

"कड्याला चिकटून बस. काही झालं तरी उठू नकोस."

"कोण आहे तो?"

"पोपट. मी मारला त्याला. ह्याच पायानं."

ती बघत राहिली. नवऱ्याकडे. 

तो रस्त्याच्या मधोमध गेला. मोकळ्या रस्त्याला म्हणाला, "पोपट... ती नको. मी आहे ना. ये."

आवाज थांबला.

खाडी गप्प. वारा गप्प...

मग एकदम. अगदी जवळ. समोरून.

आता वासंतीला रस्त्यावर कोणी दिसलं नाही, हे तिनं मागाहून सांगितलं. तिनं ऐकलं फक्त. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला, मग हरिहरची किंकाळी. पुन्हा मोडलं. पुन्हा किंकाळी. लाल गाडी आपोआप आडवी झाली, रस्त्यावरून ठिणग्या उडवत घसरली आणि खाडीत गेली. आणि मग ते हसणं. चार वर्षांपूर्वी मधेच तुटलेलं. ते आता पुरं झालं.

उजवा पाय गुडघ्याखाली चार ठिकाणी मोडलेला. मांसात बुटाच्या खिळ्यांचे गोल ठसे. बंदरावरच्या लोकांनी ट्रकात घालून ठाण्याच्या हॉस्पिटलात आणलं, डॉक्टरांनी रात्रीच पाय काढला. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा वासंती बाकावर बसून होती. पहाटे हरिहर शुद्धीवर आला आणि त्यानं आधी तिला, मग मला सगळं सांगितलं. माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, आवडाबाईला सांगून या. म्हणावं, अपघात नव्हता. पुढं तिनं काय करायचं ते करावं."

दसऱ्याची पहाट. मी सायकलनं रेतीबंदरला गेलो. दव एवढं पडलेलं की हँडलवरून पाणी निथळत होतं. झोपडीमागं पोपटची फटफटी पडलेली होती, अपघातानंतर आणून टाकलेली. चाकं कधीच गेलेली, टाकी फुटलेली, गंजानं लाल. तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं. आवडाबाई शेजारी उकिडवी बसलेली. काय बोलायचं ते मी वाटभर घोकत आलेलो.

पण तीच आधी म्हणाली, "पूजा तं मीच केली काल. दर सालाला करते. पन यो हार माजा नाय."

झेंडूचा हार होता. ताजा. मी वाकलो. शेवटची फुलं जांभळ्या धाग्यात ओवलेली.

"राती लय हसला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "आता नाय यायचा."

धागा नीट बघावा म्हणून मी हात पुढं केला. सगळं लोखंड दवानं ओलं, गार. तोल गेला आणि तळवा इंजिनावर टेकला...

कंदील जवळ आण, बाळ. हा तळवा बघ. तीन वर्षं झाली. चर्रकन आवाज झाला रे, कातडं इंजिनाला चिकटून राहिलं.